किळस कोणाची?

इंग्रजी भाषेत मळमळ आणि किळस सांगणारे बरेच शब्द आहेत. नॉशिया, नॉशियस, नॉशिएटेड, डिस्गस्ट, रिव्हल्शन हे त्यांतील नेहमीचे. शाळेत वरच्या वर्गांना इंग्रजी शिकविताना या शब्दांपाशी मुले हमखास अडखळतात. परंतु धम्माला वाहिलेल्या पाक्षिकात इंग्रजी शब्दांची ही चर्चा कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, आपल्या वाडवडिलांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवण्यासाठी शास्त्रांचा आधार घेतला गेला हे खरे, पण रोजच्या व्यवहारात ते काम ज्या भावनेने केले ती भावना किळस होती. शास्त्र वाचता न येणाऱ्या माणसालाही वरून पाणी ओतताना हात आखडता कसा घ्यावा हे बरोबर कळत होते. ही भावना कोठे जन्मते, ती कोणाची असते, याचा उलगडा शब्दांच्या वाटेने गेल्यास लवकर होतो.

प्रथम नॉशिया हा शब्द घेऊ. ग्रीक भाषेत 'नाउस' म्हणजे जहाज. जहाजात बसल्यावर जी मळमळ होते तिला ग्रीकांनी जहाजावरूनच नाव दिले, आणि ते लॅटिनमधून इंग्रजीत आले. कोकणातील माणूस 'बोट लागली' म्हणतो, घाटातून एस.टी.ने जाणारा 'गाडी लागली' म्हणतो, तशातलाच हा शब्द आहे. आता बोट लागली म्हणून कोणी बोटीला नीच ठरवीत नाही. त्याच बोटीत खलाशी निवांतपणे भाकरी खात बसलेला असतो. मळमळ बोटीत नसते. ती ज्याला होते त्याच्या पोटात असते.

डिस्गस्ट या शब्दाचे मूळ लॅटिनमधील 'गुस्तुस', म्हणजे चव. तोंडाची चव जाणे, अन्न नकोसे होणे, एवढाच त्याचा मूळचा अर्थ. रिव्हल्शन म्हणजे मागे खेचले जाणे. या तिन्ही शब्दांकडे नीट पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. एक शब्द पोटाविषयी बोलतो, दुसरा जिभेविषयी, तिसरा मागे सरकणाऱ्या अंगाविषयी. समोरची वस्तू कशी आहे हे यांतील एकही शब्द मुळात सांगत नाही. पाहणाऱ्याला काय होते तेवढेच ते सांगतात.

आता वाद आहे तो नॉशियस आणि नॉशिएटेड या दोन शब्दांचा. जुन्या वळणाचे इंग्रजी शिक्षक सांगत की, ज्याला मळमळते तो माणूस नॉशिएटेड, आणि ज्याच्यामुळे मळमळते ती वस्तू नॉशियस. एखाद्याने 'आय ॲम नॉशियस' असे म्हटले तर ते हसून म्हणत, 'म्हणजे तुम्हांला पाहून लोकांना ओकारी येते काय?' आज हा भेद बराच पुसला गेला आहे. इंग्रजी बोलणारे सर्रास आपल्या मळमळीसाठी नॉशियस म्हणतात आणि शब्दकोशांनीही ते मान्य केले आहे. विद्यार्थ्याने तसे लिहिले तर गुण कापण्याचे कारण नाही. परंतु त्या जुन्या नियमात एक मोठा विचार दडलेला होता, तो सोडून चालणार नाही. ज्याला होते तो एक, आणि ज्याच्यामुळे होते असे तो म्हणतो तो दुसरा. ही दोन टोके वेगवेगळी आहेत.

आपल्या मराठीतही ही दोन टोके आहेत. 'मला किळस येते' या वाक्यात बोलणारा स्वतःविषयी सांगतो. हे वाक्य प्रामाणिक आहे. पण तोच माणूस 'तो किळसवाणा आहे' असे म्हणतो, तेव्हा वाक्यातला 'मला' नाहीसा होतो. बोलणाऱ्याच्या पोटातली गोष्ट समोरच्याच्या अंगाला चिकटविली जाते. पुढे 'त्याच्यामुळे विटाळ झाला' असे म्हणतात, तेव्हा तर समोरच्यावर गुन्हाच शाबीत होतो. वास्तविक त्याने काय केलेले असते? तहान लागली म्हणून पाण्याला हात लावलेला असतो. मळमळ एकाला होते आणि शिक्षा दुसरा भोगतो. अस्पृश्यतेचे सारे व्याकरण या 'मला'च्या लोपात आहे.

कोणी म्हणेल, ही शब्दांची कसरत झाली. किळस ही नैसर्गिक गोष्ट आहे, घाण दिसली की ती येणारच. या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण त्यात थोडे तथ्य आहे. नासलेले अन्न, कुजलेले मांस, उघडी गटारे यांपासून शरीर मागे सरते ते बरेच आहे. त्यामुळे रोगराईपासून बचाव होतो. परंतु माणसाची किळस तेवढ्यावर थांबत नाही.

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८७२ साली मनुष्य व प्राणी यांच्या भावनांच्या आविष्कारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने आपला स्वतःचा अनुभव सांगितला आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी टिएरा डेल फ्यूगो येथे तो मुक्कामाच्या जागी डब्यातले थंड मांस खात असता तेथील एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिले. मांस मऊ लागताच त्या रहिवाशाला किळस आली. आणि या उघड्या माणसाने आपल्या अन्नाला हात लावला म्हणून डार्विनलाही किळस आली. पुढे डार्विन प्रामाणिकपणे नमूद करतो की, त्या माणसाचे हात काही घाणेरडे दिसत नव्हते. एकाच मांसाच्या तुकड्यावर दोन माणसांची दोन प्रकारची किळस! त्यांतील डार्विनची किळस घाणीपासून आलेली नव्हती. ती आपण कोण आणि तो कोण या कल्पनेपासून आलेली होती.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोगही येथे उपयोगी पडेल. त्यांनी मेलेले झुरळ पूर्ण निर्जंतुक करून फळांच्या रसात बुडविले आणि बाहेर काढले. त्या रसापासून अपाय होण्याचे कारण नव्हते. तरीही लोकांना तो रस नकोसा झाला. म्हणजे एकदा स्पर्श झाला की झाला, मग जंतू असोत वा नसोत, असे मनच ठरविते. अगदी लहान मुलाला मात्र ही किळस नसते. ते जमिनीवर पडलेले काहीही उचलून तोंडात घालते. काय शी आणि काय चांगले हे त्याला घरातली मोठी माणसे शिकवितात. नाक मुरडणे हे आईबापांकडून मुलाकडे जाते, जशी भाषा जाते.

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली. १०८ घागरी आणि शेण, गोमूत्र, दूध, दही असे त्या शुद्धीचे साहित्य होते. क्षणभर विचार करावा. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र घातल्याने कोणाला मळमळले नाही, माणसाच्या ओंजळीने मात्र ते पाणी पिण्यालायक राहिले नाही! ही किळस नाकाची नव्हती, जिभेची नव्हती, पोटाचीही नव्हती. ती शिकविलेली होती आणि पाठ केलेली होती.

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात बाबासाहेबांनी एक महत्त्वाचा भेद दाखविला आहे. जन्म, मृत्यू, विटाळशीपण अशा प्रसंगी माणूस अपवित्र होतो ही समजूत जगातील पुष्कळ प्राचीन समाजांत होती. परंतु ती अपवित्रता तात्पुरती असे. ठराविक दिवस गेले, स्नान झाले की ती संपे. हिंदू समाजातील अस्पृश्यता मात्र जन्मापासून मरणापर्यंतची आणि बापाकडून मुलाकडे जाणारी. हा भेद आपण मळमळीलाही लावून पाहावा. घाट उतरला की गाडी लागणे थांबते. वास गेला की ओकारी जाते. जी किळस शंभर पिढ्या गेल्या तरी ओसरत नाही, ती पोटातली नव्हे. ती व्यवस्थेतली आहे आणि व्यवस्था माणसांनी केलेली असल्यामुळे ती मोडताही येते.

आता धम्म याविषयी काय सांगतो ते पाहू.

पालीत किळस करण्याला 'जिगुच्छा' म्हणतात. संस्कृतातील जुगुप्सा हा तोच शब्द. तो 'गुप्' म्हणजे राखणे, रक्षण करणे या धातूपासून झाला आहे. जुगुप्सा म्हणजे मुळात स्वतःला राखण्याची इच्छा. येथेही शब्द पाहणाऱ्याविषयीच बोलतो! थेरगाथेत सुनीत थेरांची हकीगत आहे. ते हलक्या मानलेल्या कुळात जन्मले. सुकलेली फुले काढून टाकण्याचे, झाडलोटीचे काम त्यांच्याकडे होते. आपल्या त्या दिवसांचे वर्णन करताना ते आपण माणसांना 'जिगुच्छित' होतो, असा शब्द वापरतात. आपण घाणेरडे होतो असे थेर सांगत नाहीत. लोक आपली किळस करीत होते असे सांगतात. म्हणजे किळस करणारे कोण हे त्यांनी वाक्यातून गाळले नाही. मग तथागत आले. सुनीतांनी खांद्यावरची कावड खाली ठेवली आणि वंदन केले. तथागतांनी त्यांना आधी न्हाऊन ये, शुद्ध होऊन ये असे सांगितले नाही. ये भिक्खू, एवढेच म्हटले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सुनीतांच्या दीक्षेला मुद्दाम स्थान दिले, याचे कारण आपण ओळखले पाहिजे.

मग बौद्धाने कशाचीच किळस करू नये काय? याचे उत्तर वेरंज ब्राह्मणाच्या प्रसंगात सापडते. वेरंजाने तथागतांवर आरोपांची सरबत्ती केली. त्यांत एक आरोप असा होता की, श्रमण गौतम किळस करणारा आहे. तथागतांनी तो आरोप नाकारला नाही, त्याचा अर्थ बदलला. होय, काया, वाचा व मन यांनी होणाऱ्या दुराचाराची मला किळस आहे, अकुशल प्रवृत्तींची किळस आहे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. येथे धम्माने किळसेला तिची योग्य जागा दिली. तिचा विषय माणूस नव्हे, त्याचा जन्म नव्हे, शरीर नव्हे. तिचा विषय कर्म आहे, आणि त्यातही प्रथम आपले स्वतःचे.

शरीराच्या बाबतीत धम्म आणखी एक पाऊल पुढे जातो. खुद्दकपाठात शरीराचे बत्तीस भाग मोजले आहेत. केस, नखे, दात, त्वचा, रक्त, पित्त, कफ, घाम, मूत्र असे ते भाग. साधकाने हे भाग दुसऱ्याच्या शरीरात शोधावयाचे नाहीत, स्वतःच्या शरीरात पाहावयाचे आहेत. ज्याने एकदा हे प्रामाणिकपणे पाहिले त्याला दुसऱ्याकडे बोट दाखविण्याचे धैर्य उरणार नाही. ही यादी ब्राह्मणाची आणि भंगी म्हणून हिणविलेल्याची वेगवेगळी होत नाही.

परंतु येथे सावधगिरीही हवी, आणि तथागतांनी ती स्वतः दाखविली आहे. विनयपिटकात वैशालीची एक दुःखद घटना नोंदलेली आहे. काही भिक्खूंनी शरीराच्या अशुभत्वाचा विचार इतका केला की त्यांना स्वतःच्या देहाचा वीट आला आणि त्यांनी जीवन संपविले. एकांतवासातून परतल्यावर संघ विरळ का झाला, असे तथागतांनी आनंदांना विचारले. घडलेले कळताच त्यांनी भिक्खूंना आनापानसती, म्हणजे श्वासावर स्मृती ठेवण्याची शांत साधना शिकविली. स्वतःची घृणा ही मुक्तीची वाट नव्हे, हा या घटनेचा धडा आहे.

इंग्रजीतून धम्मग्रंथ वाचणाऱ्या आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पालीतील 'निब्बिदा' या शब्दासाठी काही इंग्रजी भाषांतरांत डिस्गस्ट किंवा रिव्हल्शन असे शब्द येतात. ते वाचून बुद्ध जगाची किळस करावयास सांगतात असा समज होतो. निब्बिदा म्हणजे ओकारी नव्हे. वाळूची घरे करून खेळणाऱ्या मुलांचा दृष्टांत तथागतांनी दिला आहे. गोडी आहे तोवर मुले ती घरे जपतात. गोडी संपली की ती मोडून टाकतात. खेळावरचे मन उडणे आणि खेळणाऱ्यांचा तिरस्कार करणे यांत मोठे अंतर आहे.

धम्मबंधूंनो आणि भगिनींनो, हा विचार आता आपल्या घरात आणू या, कारण दीक्षेनंतर खरी परीक्षा तेथेच होते.

बाबासाहेबांनी महाडला आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचा उपदेश केला. तो मानून हजारो घरांनी ती चाल टाकली. हा स्वाभिमानाचा निर्णय होता. मेलेले ढोर ओढणे आणि त्याबदली ते मांस मिळणे ही गावकीच्या गुलामीची साखळी होती. ती तोडणे आवश्यक होते. परंतु आज काही शिकलेल्या घरांत आजीने जुन्या दुष्काळाची गोष्ट काढली, चान्या वाळत घालण्याचे नाव घेतले की नातवंडे 'शी' म्हणतात आणि आईबाप विषय बदलतात. हे योग्य नाही. साखळी तोडावयाची होती, साखळीत अडकलेल्या माणसांना विसरावयाचे नव्हते. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची माहिती लिहून ठेवली, ती म्हणूनच मोलाची आहे. भुकेल्या लेकरांच्या तोंडात घास घालणाऱ्या त्या हातांची किळस करणे म्हणजे गावाने आपल्यावर टाकलेली किळस आपणच उचलून घरात आणणे होय.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. आपल्यापैकी काही कुटुंबांना नोकरी लागली, वसाहतीत घर झाले. त्या घरी गटार उपसावयास जो माणूस येतो त्याला पाणी कोणत्या पेल्यातून दिले जाते? धुणेभांडी करणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवलेला आहे काय? मातंग, मेहतर, वाल्मीकी समाजाच्या घरून आलेला फराळाचा डबा उघडला जातो की तसाच दुसऱ्याला दिला जातो? मुलाने त्या समाजातील मुलीशी लग्न करावयाचे म्हटले तर घरात काय होते? ज्याच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची छायाचित्रे आहेत त्याने हे प्रश्न स्वतःस विचारावेत. मैला सर्वांच्या शरीरातून निघतो. मैला करणाऱ्याची कोणाला किळस येत नाही, तो साफ करणाऱ्याची येते! हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली तो अधिक कडक झाला, तरीही गटारात उतरून माणसे गुदमरून मरतातच. कायदा कामावर बंदी घालू शकतो. 'तो किळसवाणा' हे वाक्य मनातून काढणे हे काम कायद्याचे नाही, ते धम्माचे आहे.

ते कसे करावयाचे? धम्माची शिकवण येथे व्यवहारी आहे. मनात वेदना उठते ती आपल्या हातात नसते. एखाद्या वासाने, दृश्याने पोटात ढवळले तर त्यात पाप नाही. त्यानंतर आपण जे जाणूनबुजून करतो ते मात्र कर्म होय. नाक मुरडून मागे सरणे हे कर्म, आणि पुढे होऊन हात देणे हेही कर्म. जुलाबाने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्खूला कोणी विचारीत नव्हते. तथागतांनी आनंदांना पाणी आणावयास सांगितले, दोघांनी त्याला न्हाऊ घातले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. त्या खोलीत दुर्गंधी नव्हती असे नाही. तिला त्या माणसाहून अधिक महत्त्व दिले गेले नाही एवढेच. बाळाचे शी-सू काढणारी प्रत्येक आई आणि दवाखान्यातील प्रत्येक परिचारिका हे रोज करून दाखविते. किळस शिकता येते तशी ती उतरविताही येते.

म्हणून घरात मुलांची भाषा सांभाळावी, असे सुचवावेसे वाटते. मूल 'तो घाणेरडा आहे' असे म्हणाले तर त्याला थांबवून विचारावे, 'तुला काय वाटले ते सांग.' 'मला वास आला' एवढे त्याने म्हटले की पुरे. मग वास कशाचा, तो घालवायचा कसा, त्या माणसाला तेथे काम का करावे लागते, असे पुढचे प्रश्न आपोआप निघतात. 'तो घाणेरडा' म्हटल्यावर एकही प्रश्न निघत नाही. आणि उद्या शाळेत किंवा कचेरीत कोणी आपल्या मुलाकडे पाहून नाक मुरडले, तर त्याने ती किळस आपल्या अंगावर घेऊ नये. मान ताठ ठेवून त्याने मनात एवढेच म्हणावे, 'मळमळ तुझी आहे. औषध तू घे.'

जय भीम!